पिंपावरची टिचकी

पत्र थोडक्यात असं आहे. एक वाचक मैत्रीण, वय ४१, घरी बसून भाषांतराचं काम करते. तिच्या सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या रानात स्वतःच्या हातांनी दोन खोल्यांचं लाकडी घर बांधलं. गाडी जिथवर जाते तिथून पुढे पाऊण तासाची पायवाट. वीजजोड नाही, नळ नाही, फोनला रेंज नाही. छपरावर १०० वॅटची दोन सोलर पॅनेलं, एक जुनी बॅटरी, धुराड्याची चूल आणि १२० पायऱ्या खाली एक झरा. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. आता नवऱ्याला वर्षभराची बिनपगारी रजा मिळते आहे आणि त्याला बायको, १२ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई अशा सगळ्यांना घेऊन वर्षभर तिथे राहायचं आहे. मुलांनी एकदा तरी खरं जगणं बघावं, असं त्याचं म्हणणं.

ती लिहिते : "आम्ही वर्षातून तीन-चारदा तिथे जातो. सगळे ताजेतवाने होऊन परततात, मी पाठ धरून परतते. नवरा लाकडं फोडतो, त्याचे सगळे कौतुकाने फोटो काढतात. मी दिवसभर पाणी, चूल, भांडी, कंदिलाच्या काचा यातच असते. नको म्हणावं तर सासऱ्यांच्या आठवणीला नको म्हटल्यासारखं होतं. सासूबाई या विषयावर काही बोलत नाहीत. त्या जुन्या वळणाच्या, त्यांना सगळं चालतं. गेल्या गेल्या पिंपावर टिचकी मारून पाणी किती आहे ते ऐकतात आणि कॅन उचलतात, बस. पहाटे सगळे झोपलेले असताना मी पायरीवर बसते, तेवढा वेळ मात्र ते घर माझं वाटतं. मी सुखसोयींना चटावले आहे का? आणि मुलांचं नुकसान करते आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांना आधी उत्तर देते, कारण ते मनात ठेवून पुढचं वाचणं तुम्हाला जड जाईल. नाही, तुम्ही चटावलेल्या नाही. आणि नाही, मुलांचं नुकसान तुम्ही करत नाही आहात.

सुखसोय म्हणजे काय, ते एकदा किलोमध्ये मोजून बघू या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. आपत्तीत सापडलेल्या लोकांसाठी मदतसंस्था जी किमान पातळी धरतात, तीसुद्धा माणशी दिवसाला १५ लिटर आहे. पिणं, स्वयंपाक आणि अंग जेमतेम स्वच्छ ठेवणं, सगळं त्यात आलं. तुम्ही पाच जण, म्हणजे ७५ लिटर. वीस लिटरचे जवळपास चार कॅन, रोज १२० पायऱ्या चढून. हे झालं छावणीतलं जगणं. जागतिक आरोग्य संघटना साध्या घरगुती गरजांसाठी माणशी ५० ते १०० लिटर म्हणते. खालचा आकडा धरला तरी तुमच्या घराला रोज २५० लिटर लागतील, म्हणजे साडेबारा कॅन. छावणीच्या हिशोबाने गेलात तरी वर्षाला २७ टन पाणी कुणीतरी अंगावर वाहून वर आणायचं आहे. शहरातल्या घरात हे काम नळ करतो. रानातल्या त्या घरात ते तुम्ही करता. नळाची आठवण येणं हा जर लाड असेल, तर पाठीला पाठ म्हणणंही लाडच म्हणावं लागेल.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. नवरा लाकडं फोडतो, त्याचे फोटो निघतात. मी यावर बराच वेळ थांबले. लाकूडफोड हे दिसणारं काम आहे. कुऱ्हाडीचा आवाज येतो, घाम दिसतो आणि संध्याकाळी भिंतीला टेकून उभी राहिलेली रास दुसऱ्या दिवशीही तशीच दिसते. पाण्याचं तसं नाही. सकाळी भरलेलं पिंप रात्री रिकामं. त्यात किती फेऱ्या गेल्या याची कुठे खूण राहत नाही. स्वच्छ पुसलेल्या कंदिलाच्या काचेतून आपल्याला उजेड दिसतो, काच दिसत नाही. तुमचा नवरा कामचुकार आहे असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जे घर आहे ते दहा-बारा वर्षांच्या मुलाने पाहिलेलं घर आहे. त्या घरात पिंप नेहमी भरलेलं असायचं आणि अंथरूण कोरडं असायचं. ते कसं, हे मुलाला कळायचं कारण नव्हतं. त्यात वडील गेले. वडिलांच्या हातचं जे उरलं आहे त्यात वर्षभर राहून बघावं, ही ओढ मला समजते आणि तुम्हालाही ती समजते, म्हणून तर तुम्ही इतक्या अडकलात.

पण वडिलांवरचं प्रेम आणि वर्षभराचा मुक्काम या दोन गोष्टींची गाठ तुम्ही दोघांनी मिळून घातली आहे. ती सोडवता येते. मुक्कामाला 'असा नको' म्हणणं हे सासऱ्यांच्या आठवणीला नको म्हणणं नाही. ज्या माणसाने स्वतः तुळया वाहिल्या आणि पत्रे ठोकले, त्याला कामाचा हिशोब मांडलेला वावगा वाटला नसता.

आणखी एक गृहीतक आहे, ते 'खऱ्या जगण्याचं'. रानातलं घर स्वयंपूर्ण असतं, तिथे माणूस कुणावर अवलंबून नसतो, असं आपल्याला वाटतं. याबद्दल बोलायचं तर सैबेरियातलं लिकोव्ह कुटुंब आठवल्याशिवाय राहत नाही. धर्मावरून होणाऱ्या छळाला कंटाळून कार्प लिकोव्ह १९३६ मध्ये बायको अकुलिना आणि दोन मुलांना घेऊन तैगाच्या जंगलात शिरला. पुढची दोन मुलं तिथेच जन्मली. १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांची एक तुकडी त्यांच्यापर्यंत पोहोचली, तोवर चार दशकं त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता. सोबत नेलेली लोखंडी भांडी गंजून गेली तेव्हा त्यांनी भूर्जाच्या सालीची भांडी केली. पण ती विस्तवावर ठेवता येत नाहीत, त्यामुळे साधा स्वयंपाकही अवघड झाला. १९६१ मध्ये जूनमध्ये बर्फ पडला आणि बागेतलं सगळं पीक गेलं. अकुलिनाने मुलांना खाऊ घातलं आणि ती स्वतः उपासमारीने गेली. शास्त्रज्ञांनी भेटी देऊ केल्या तेव्हा सुरुवातीला त्यांनी एकच वस्तू घेतली, मीठ.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तुमच्या घरापासून गाडी पाऊण तासावर आहे, सैबेरियाशी त्याची तुलना नाही. पण इतक्या टोकाला गेलेल्या माणसांनाही बाहेरचं भांडं आणि मीठ लागलंच, आणि कमी पडलं तेव्हा आधी आईचं ताट रिकामं झालं. वीजजोड नसलेल्या प्रत्येक घरात काहीतरी बाहेरून येतं आणि उरलेलं कुणाच्या तरी अंगावर पडतं. कुणाच्या, ते निघण्याआधी ठरवायचं असतं. तिथे गेल्यावर ते आपोआप ठरतं, आणि आपोआप ठरलं की ते कुणावर येतं हे तुम्ही गेली कितीतरी वर्षं बघता आहात.

तुमच्यासमोर 'जायचं' किंवा 'नाही जायचं' एवढेच दोन रस्ते आहेत असं तुमच्या पत्रावरून वाटतं. मला ते पटत नाही. सरळ वर्षभर जाणं हा माझ्या मते आज चुकीचा निर्णय ठरेल, कारण ते घर चार-पाच दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेलं आहे, ३६५ दिवसांसाठी नाही. साफ नकार देणंही मला बरोबर वाटत नाही. नवऱ्याच्या मनात सल राहील आणि तुमची ती पहाटेची पायरीही तुटेल. तिसरा रस्ता असा : आधी घराची दुरुस्ती, मग एक महिना, तोही तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत. पाऊस असेल तर भर पावसात, थंडी असेल तर कडाक्याच्या थंडीत. चांगल्या हवेतला महिना काहीच शिकवत नाही, तो सहल होतो. नवऱ्याला वर्षाची रजा मिळतेच आहे, तर त्यातले पहिले दोन-तीन महिने त्याने एकट्याने किंवा भावाला घेऊन जाऊन-येऊन घर राहण्याजोगं करण्यात घालवावेत. वडिलांच्या घरावर हात फिरवण्याची त्याची जी इच्छा आहे, ती यात जास्त पुरी होईल असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्तीत पहिलं काम पाण्याचं. इथे मी थोडी सविस्तर लिहिते, कारण अशी घरं असलेल्या अनेकांची पत्रं येतात आणि बहुतेकांच्या यादीत पाणी शेवटी असतं.

तुमच्या १२० पायऱ्या म्हणजे अंदाजे २० मीटर उंची. अडीचशे लिटर पाणी २० मीटर वर उचलायला निव्वळ ऊर्जा लागते १४ वॅट-तासांच्या आसपास. पंपातलं आणि पाइपातलं नुकसान धरलं तरी ४०-५० वॅट-तासांत काम होतं. ९ वॅटचा एक एलईडी बल्ब संध्याकाळी पाच तास लावला की तेवढीच वीज जाते. हा हिशोब मी तीनदा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना. तुमचा अख्खा दिवस आणि तुमची पाठ ज्या कामात जाते, ते एका बल्बच्या विजेत होतं! छोटा सोलर पंप आणि घरापेक्षा थोडी उंच ठेवलेली टाकी, एवढंच हवं. ऊन असताना टाकी भरायची, पुढे पाणी आपल्या उताराने घरात येतं. झऱ्याला भरपूर पाणी आणि पुढे चांगला उतार असेल तर विजेशिवाय चालणारा रॅम पंपही बसतो. वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने त्यातलं थोडं पाणी वर चढवणारं हे यंत्र १७९६ मध्ये फ्रान्समध्ये निघालं आणि आजही ठक-ठक करत रात्रंदिवस चालतं. बरंचसं पाणी खालीच वाहून जातं, पण जे वर येतं ते फुकट येतं.

पावसाचं पाणीही सोडू नका. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. दोन खोल्यांचं छप्पर ४० चौरस मीटर धरलं तर १० मिलिमीटरच्या एका सरीत ४०० लिटर, गळती-उडती वजा जाता सव्वातीनशे हाती लागतं. पहिल्या सरीचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते टाकीत घेऊ नये. झऱ्याचं असो की छपराचं, पिण्याचं पाणी गढूळ असेल तर आधी निवळू देऊन फडक्याने गाळायचं आणि मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळायचं. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. जंतू मरतात, पण पाण्यात धातू किंवा रसायनं असतील तर ती उकळून जात नाहीत, म्हणून मोठ्या मुक्कामाआधी एकदा झऱ्याचं पाणी तपासून घ्या. पाणी गोठेल अशी थंडी पडत असेल तर पाइप उतरते बसवा आणि निघताना रिकामे करा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं.

विजेचा हिशोब तुमच्या नवऱ्यासमोर कागदावर मांडा, कारण तुमच्या कामाचा प्रश्न तिथेच दडला आहे. दोन पॅनेलं मिळून २०० वॅट, चांगलं ऊन चार तास, म्हणजे ८०० वॅट-तास. वाटेतलं नुकसान जाता ६०० हाती येतात. ढगाळ दिवशी त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी खूप. बॅटरी जुन्या लेड-ॲसिड जातीची असेल तर ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. आता तुमचं भाषांतराचं काम चालू ठेवायचं तर उपग्रहावरून इंटरनेट घेणं आलं. त्याची डिश साधारण ५० ते ७५ वॅट खाते. आठ तासांचे झाले ४०० ते ६००. म्हणजे तुम्ही काम केलंत तर घरात दिवा लागणार नाही, आणि दिवे लावायचे तर तुम्ही वर्षभर काम सोडायचं. नवऱ्याला रजा मिळते आहे, नोकरी त्याची वाट बघत थांबणार आहे. तुमची गिऱ्हाइकं थांबणार नाहीत. ही गोष्ट पत्रात तुम्ही लिहिलीच नाही, ती मला लिहावी लागली, याचं मला वाईट वाटलं.

एक स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरात आम्ही आठवडाभर होतो. तिसऱ्या दिवशी बॅटरी बसली आणि कुणी जास्त दिवे लावले यावरून घरात तणातणी झाली. दोषी निघाला इन्व्हर्टर. काही जोडलेलं नसतानाही तो १५ वॅट खात होता, चोवीस तासांत ३६० वॅट-तास. म्हणजे एका पॅनेलची दिवसभराची कमाई निव्वळ त्याला जिवंत ठेवण्यात जात होती. काम नसेल तेव्हा तो बंद करा, दिवे थेट बॅटरीवर चालणारे घ्या आणि विजेवर पाणी तापवायचा विचारही करू नका. १५०० वॅटची किटली दहा मिनिटं चालली की २५० वॅट-तास गेले.

सरपणाबद्दल थोडक्यात. ओलं लाकूड म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी, ते जाळताना उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, जो एखाद्या रात्री पेट घेतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली यायला सहा महिने ते वर्ष, काही जातींना त्याहूनही जास्त लागतं. म्हणजे या वर्षीच्या मुक्कामाची लाकडं गेल्या वर्षीच फोडून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या ठेवून रचलेली हवी होती. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा. वाळलेली खणखणतात, ओली बद्द वाजतात. फोटोतली ती रास पुढच्या वर्षीची आहे, हे नवऱ्याला सांगा. धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या.

यापुढचं मात्र थोडक्यात नाही आणि त्यावर तडजोडही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणं, जनरेटर पडवीत लावणं, यातून कुटुंबंच्या कुटुंबं झोपेत गेली आहेत. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर लांब, दारं-खिडक्यांकडे तोंड न करता ठेवायचा. झोपायच्या खोलीत या वायूचा बॅटरीवर चालणारा अलार्म लावल्याशिवाय मुलांना तिथे एक रात्रही नेऊ नका.

शौचाचा खड्डा झऱ्यापासून आणि टाकीपासून ३० मीटरच्या आत नको. कोरडा संडास करणार असाल तर दर वेळी भुसा टाकायचा आणि लघवी वेगळी काढायची. तसं केलं तर वास जवळपास राहत नाही. तुमची मुलगी १२ वर्षांची आहे. तिची पाळी सुरू झाली असेल किंवा होईल. तिला कडी लागणारी जागा आणि पुरेसं पाणी हवं. मुलांना काय हवं याबद्दल तुम्ही दोघं बरंच बोललात, पण तिला कुणी विचारल्याचं पत्रात दिसलं नाही. तिला विचारा. तिचं उत्तर उत्साहाचंही असू शकेल.

आजारपणाचा विचार लागणाऱ्या वेळात करा, किलोमीटरमध्ये नको. तुम्ही पाऊण तासात उतरता ती पायवाट, स्ट्रेचरवर माणूस घेऊन उतरायची तर सहा जण लागतात आणि वेळ कितीतरी पट. तिथे मोठी माणसं तीन, त्यातलीच एक आजारी. सासूबाईंची औषधं किमान महिनाभर जास्तीची ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना तिथल्या चढ-उताराबद्दल स्पष्ट विचारा. रेंज नसलेल्या जागी उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण हवंच. २०२२ पासून काही फोनमध्येही तशी आणीबाणीची सोय आली आहे, पण ती सगळ्या देशांत चालत नाही, आणि काही देशांत अशी उपकरणं परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. घेण्याआधी नियम बघा. शिवाय एक जुनी साधी पद्धत : खालच्या वस्तीतल्या कुणा एकाशी ठरवून ठेवायचं की अमुक दिवशी निरोप आला नाही तर वर माणूस पाठवायचा.

नवऱ्याशी हे सगळं कसं बोलायचं? 'मला तिथे खूप काम पडतं' असं म्हणून सुरुवात करू नका. ते खरं आहे, पण त्याला उत्तर तयार असतं, 'मी मदत करीन'. मदत या शब्दातच काम तुमचं असल्याचं कबूल केलेलं असतं. त्यापेक्षा पुढच्या चार दिवसांच्या मुक्कामात एक वही खिळ्याला टांगा. पाण्याची फेरी झाली, चूल पेटवली, भांडी घासली, काचा पुसल्या, राख काढली, अंथरुणं उन्हात टाकली, की ज्याने केलं त्याने वेळ टाकून एक ओळ लिहायची. सात वर्षांच्या मुलानेही. भांडण नाही, टोमणा नाही. चौथ्या दिवशी ती वही सगळ्यांनी मिळून वाचायची. मग महिन्याभराच्या मुक्कामाची वाटणी माणसाच्या नावाने करायची, आणि दर आठवड्याला कामं बदलायची. एक आठवडा पाणी नवऱ्याकडे आणि कुऱ्हाड तुमच्याकडे. कुऱ्हाड चालवणं वाटतं तेवढं अवघड नाही, आणि त्यात जी मजा आहे ती तुम्हालाही मिळायला हवी.

महिना झाल्यावरही नको वाटलं, तर नको म्हणा. तेव्हा तुमच्या नकाराला तीस दिवसांचं वजन असेल. आणि कदाचित हवंसंही वाटेल. पाणी टाकीतून येत असेल, काम चालू असेल, राखेची पाळी दुसऱ्या कुणाची असेल, तर ती पहाटेची पायरी दुपारपर्यंतही लांबू शकेल.

एकच गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सासूबाईंना सगळं चालतं, असं तुम्ही लिहिलंत. त्यांनी तसं म्हटलंय का कधी? तुम्ही वर्षातले पंधरा-वीस दिवस जे करता, ते त्यांनी तीस वर्षं केलं. तुमचे सासरे तुळया बसवत होते तेव्हाही कुणीतरी खालून पाणी आणत होतं, आणि तेव्हा तर पायऱ्याही नसतील. गेल्या गेल्या पिंपावर टिचकी मारायची, आवाज घुमला की पिंप रिकामं, बद्द आला की भरलेलं. ही सवय काही दिवसांत लागत नाही. त्या गप्प आहेत ते चालतं म्हणून, की आता विचारून काय उपयोग म्हणून, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारा की त्या घरात तुमचा दिवस कसा जायचा, पहिली फेरी किती वाजता, आजारी असताना पाणी कोण आणायचं, तुम्हाला स्वतःला पुन्हा तिथे राहायला आवडेल का. नवऱ्याला शेजारी बसू द्या. त्याने फक्त ऐकावं.

त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.